माणूस हा माणूसच : स्वयंसिद्ध विधाने आणि त्यांची परीक्षा

जे उघड आहे ते सांगण्याचे प्रयोजन नसते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. दिवसा उजेड असतो हे कोणी मुद्दाम सांगू लागले, तर ऐकणारा हसतो. तरीही आपल्या बोलण्यात, आपल्या कायद्यात, आपल्या धर्मचर्चेत आणि आपल्या शाळेतील फळ्यावरही उघड दिसणाऱ्या विधानांची गर्दी असते. त्यांतील काही विधाने खरोखरच निर्विवाद असतात, पण ती काहीच सांगत नाहीत. काही विधाने निर्विवाद असल्याचा केवळ आव आणतात आणि त्या आवाखाली फार मोठा अन्याय दडलेला असतो. आणि काही थोडी विधाने अशी असतात, की ती उघड असूनही ती उच्चारण्यासाठी माणसांना मार खावा लागतो. या तीन प्रकारांमधील भेद ओळखता येणे हे शिक्षणाचे एक मोठे फळ आहे, अशी आमची धारणा आहे. आमच्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय सोप्या उदाहरणांनी मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

कधीही खोटे न ठरणारे विधान

आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यातील ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पुढे पूर्वेकडील तालुक्यांत शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो. अशा शेतकऱ्याला कोणी सांगितले, की ‘उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही’, तर ते विधान शंभर टक्के खरे ठरेल. पाऊस पडला तरी ते खरे आणि कोरडे ऊन पडले तरी ते खरे. परंतु या विधानाच्या भरवशावर पेरणी करता येत नाही. उलट ‘उद्या पाऊस पडेल’ हे विधान चुकू शकते, आणि नेमके म्हणूनच ते उपयोगाचे आहे. ज्याला चुकण्याची शक्यता आहे तेच विधान जगाविषयी काही सांगते.

कोणत्याही परिस्थितीत खरेच ठरणाऱ्या अशा विधानाला आपण येथे ‘सर्वतः सत्य’ विधान म्हणू. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात त्याला ‘टॉटॉलॉजी’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तेच ते बोलणे’ असा आहे. लुडविग विट्गेन्श्टाईन या तत्त्वज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की सर्वतः सत्य विधान जगाविषयी काहीही सांगत नाही, कारण जगाची कोणतीही अवस्था त्याला चालते.

दुसरे उदाहरण आपल्याच अकोले तालुक्यातील घेऊ. ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर राज्यातील इतर प्रत्येक शिखरापेक्षा उंच आहे’ हे विधान पटण्यासाठी कोणाला डोंगर चढावा लागत नाही आणि फूटपट्टीही लागत नाही. शब्दांचे अर्थ कळले की काम झाले. परंतु ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची १६४६ मीटर आहे’ हे विधान करण्यासाठी कोणीतरी मोजणी करावी लागली. पहिले विधान अर्थाने खरे आहे, दुसरे वस्तुस्थितीने खरे आहे. दोन्ही खरी असली तरी त्यांच्या खरेपणाची जात वेगळी आहे.

याचा अर्थ सर्वतः सत्य विधाने निरुपयोगी आहेत असा मात्र कोणी घेऊ नये. गणिताचा बराच डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. ३४७ गुणिले २८ म्हणजे ९७१६. हे उत्तर प्रश्नातच दडलेले होते, ते बाहेरून आणले गेले नाही. तरीही ते काढून दाखवावे लागते, कारण दडलेले सर्वांनाच दिसते असे नाही. तर्क नवी माहिती देत नाही. आपण जे मान्य केले आहे त्यात आणखी काय काय मान्य केले गेले आहे, हे तो उघड करून दाखवतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

बोलीतील तेच ते

भाषेतील पुनरुक्तीचे प्रसिद्ध मराठी उदाहरण म्हणजे ‘पिवळा पीतांबर’. पीत म्हणजे पिवळा आणि अंबर म्हणजे वस्त्र, त्यामुळे पीतांबराला पुन्हा पिवळा म्हणणे हा शब्दांचा अपव्यय ठरतो. ‘सह्याद्री पर्वत’ असे आपण सर्रास लिहितो, पण ‘अद्रि’ म्हणजेच पर्वत. व्याकरणाच्या तासाला अशा चुका दाखवून देणे योग्यच आहे, मात्र त्यांचा फार बाऊ करू नये. शब्दाचा मूळ अर्थ विस्मरणात गेला, की बोलणारा नकळत त्याच्याशेजारी नवा शब्द आणून बसवतो आणि भाषा पुढे चालू लागते.

याहून महत्त्वाची आहेत ती जाणीवपूर्वक केलेली पुनरुक्त विधाने. ‘आई ती आईच’, ‘मुले ती मुलेच’, ‘नियम म्हणजे नियम’, ‘पैसा तो पैसा’ ही वाक्ये तर्काच्या तराजूत घातली तर ती पोकळ भरतात. आई आईच असणार, दुसरे काय असणार? तरीही ऐकणाऱ्याला त्यातून अर्थ कळतो. पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने याचे मर्म उलगडून दाखवले. त्याने ‘युद्ध म्हणजे युद्ध’ अशासारखे उदाहरण घेऊन सांगितले, की समोरचा माणूस काहीतरी सांगण्यासाठीच बोलत आहे असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे शब्दांत अर्थ सापडला नाही, तर आपण तो शब्दांच्या पलीकडे शोधतो. ‘आई ती आईच’ हे ऐकताना आईविषयी आपल्या समाजाने जे काही जपून ठेवले आहे ते सारे मनात जागे होते. वाक्य रिकामे असते आणि ऐकणारा ते आपल्या समजुतीने भरतो.

येथेच धोकाही आहे. रिकामे भांडे कोण कशाने भरील याचा नेम नसतो. ‘नियम म्हणजे नियम’ असे म्हणणारा वसतिगृहाचा अधीक्षक कधी सर्वांना समान न्याय देत असतो, तर कधी एखाद्या वाजवी प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळत असतो. ‘मुलगी ती मुलगीच’ हे वाक्य कौतुकानेही म्हटले जाते आणि तिची शाळा सोडवतानाही म्हटले जाते. दोन्ही वेळी शब्द तेच आणि तर्कदृष्ट्या सत्यताही तीच. बदलतो तो त्यात ओतलेला अर्थ, आणि त्या अर्थाला पुरावा लागतो. रिकाम्या वाक्याचा निर्विवादपणा भरलेल्या अर्थाला आपोआप मिळत नाही.

आपल्या प्राचीन वादशास्त्राला हा भेद ठाऊक होता. न्यायसूत्रांत वादात हार होण्याची बावीस स्थाने सांगितली आहेत आणि त्यांत ‘पुनरुक्त’ हेही एक आहे. परंतु प्रयोजनाने केलेल्या पुनःकथनाला, म्हणजे ‘अनुवादा’ला, तेथे दोष मानलेले नाही. आपण वंदनेत त्रिशरण तीन वेळा म्हणतो, तेही पोकळ पुनरुक्ती नव्हे. पहिल्या उच्चाराने बांधिलकी सांगितली जाते आणि पुढच्या दोन उच्चारांनी ती दृढ केली जाते. सांगणे आणि निश्चय करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

स्वयंसिद्ध की केवळ सवयीचे?

सर्वतः सत्य विधानांहून वेगळा असा आणखी एक वर्ग आहे, तो स्वयंसिद्ध विधानांचा. ज्यांना सिद्धतेची गरज नाही, जी ऐकताच पटतात आणि ज्यांच्या आधारे बाकीचे सिद्ध करता येते, ती स्वयंसिद्ध विधाने. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमितीची रचना अशाच मूळ विधानांवर केली. एकाच वस्तूशी समान असलेल्या वस्तू परस्परांशीही समान असतात, हे त्यांपैकी एक. कोठेतरी सुरुवात करावीच लागते. प्रत्येक गोष्टीला कारण मागत गेलो तर त्याला अंत राहत नाही, आणि त्या दोषाला आपले तर्कशास्त्र ‘अनवस्था’ म्हणते.

पण ऐकताच पटणे ही खरेपणाची खात्री आहे काय? युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक दोन हजार वर्षे निर्विवाद मानले गेले. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की, बोल्याई आणि रीमान यांनी दाखवून दिले, की ते बाजूला ठेवूनही सुसंगत भूमिती रचता येते. शाळेतील पृथ्वीचा गोल हातात घेऊन हे मुलांना पाहता येते. उत्तर ध्रुवावरून एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन रेखावृत्तांवरून खाली विषुववृत्तापर्यंत यावे. त्या गोलावर जो त्रिकोण तयार होतो त्याचे तीनही कोन काटकोन असतात आणि त्यांची बेरीज १८० नव्हे, २७० अंश भरते. सपाट कागदावरचे सत्य आपण सर्व पृष्ठभागांचे सत्य समजत होतो.

समाजातही असेच घडते, आणि त्याचे एक उदाहरण खुद्द नगर शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मुलींना लिहिणे-वाचणे शोभत नाही’ हे विधान आपल्याकडे बहुतेकांना सिद्ध करण्याची गरजच वाटत नव्हती. ते सवयीने इतके घट्ट झाले होते, की त्याच्या मागे कारण आहे की नाही हे कोणी पाहत नव्हते. नगरमध्ये सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुले यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेही नगरला, फरारबाईंच्या संस्थेत. तर्काच्या भाषेत सांगायचे तर ‘असे कधीच होऊ शकत नाही’ या विधानाला एकच प्रतिउदाहरण पुरे असते. अक्षरे गिरवणाऱ्या मुलींचा एक वर्ग हे ते प्रतिउदाहरण होते. जे स्वयंसिद्ध मानले गेले होते ते केवळ सवयीचे होते, हे त्या वर्गाने दाखवून दिले.

कारणांचे वर्तुळ

उघड दिसणाऱ्या विधानांतील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे स्वतःलाच स्वतःचे कारण म्हणून पुढे करणारे विधान. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६७३ साली रंगभूमीवर आलेल्या एका नाटकात याची थट्टा केली आहे. अफूने झोप का येते, या प्रश्नाला होऊ घातलेला वैद्य उत्तर देतो, की तिच्यात झोप आणण्याचा गुण आहे. उत्तर ऐकून परीक्षक खूश होतात, पण प्रश्न जेथे होता तेथेच राहतो.

अशीच उत्तरे आपणही देतो. ‘पोराला गणित का येत नाही?’ ‘त्याचे डोके गणिताचे नाही.’ ‘डोके गणिताचे नाही हे कशावरून?’ ‘त्याला गणित येत नाही ना!’ हा संवाद पालकांच्या सभेत कोठेही ऐकू येईल. यात कारण दिल्याचा भास आहे, कारण नाही. भारतीय तर्कशास्त्रात याला ‘अन्योन्याश्रय’ दोष म्हणतात. दोन विधाने एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असतात आणि जमिनीवर पाय दोघांचेही नसतात. असे उत्तर मिळाले, की मूल कोणत्या इयत्तेत मागे पडले, भागाकार कोठे अडला, चश्म्याची गरज आहे काय, हे पाहण्याचे सारे दरवाजे बंद होतात. वर्तुळाचा खरा तोटा हाच की ते शोध थांबवते.

गावगाड्यातील महार वतन हे अशा वर्तुळाचे ठळक उदाहरण होते. सरकारी निरोप पोहोचवणे, वर्दी देणे, मेलेली जनावरे ओढणे अशी अनेक कामे महारांनी करावयाची आणि त्याबद्दल थोडी इनाम जमीन व गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. ही कामे यांनीच का करायची? कारण ते वतनदार आहेत. ते वतनदार का? कारण ही कामे पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. कामाचे तास किती, मोबदला किती, नकार देण्याचा अधिकार कोणता, हे प्रश्न या वर्तुळात शिरूच शकत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते नेमके हे प्रश्न विचारण्यासाठी. ते विधेयक संमत झाले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तेथे मार्गदर्शन केले. कनिष्ठ ग्रामसेवेची ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंसिद्ध वाटलेली गोष्ट एका अधिनियमाने संपली, याचाच अर्थ ती कधीच स्वयंसिद्ध नव्हती.

वर्तुळे मात्र अजून संपलेली नाहीत. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगावसारख्या तालुक्यांतून दर हंगामात कुटुंबे ऊसतोडीला जातात. ‘कोयत्यावरच्याचे पोर कोयताच धरणार’ हे वाक्य वरकरणी ‘मुले ती मुलेच’ याच घाटाचे वाटते, पण ते तसे नाही. ‘मुले ती मुलेच’ कधीच खोटे ठरू शकत नाही. हे वाक्य मात्र खोटे ठरू शकते, आणि ज्या ज्या मुलाला हंगामात वसतिगृहात राहून परीक्षेला बसता येते ते प्रत्येक मूल त्याला खोटे ठरवीत असते. सर्वतः सत्याचा वेष घालून आलेले हे एक साधे, तपासता येणारे आणि चुकीचे भाकीत आहे. निवासी शाळेचे प्रयोजन एका वाक्यात सांगा असे कोणी म्हटले, तर या वाक्याचे प्रतिउदाहरण तयार करणे, असे आम्ही सांगू.

तथागतांची आणि बौद्ध आचार्यांची रीत

जन्माने श्रेष्ठत्व ठरते हे विधान बुद्धकाळी अनेकांना स्वयंसिद्ध वाटत होते. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात तथागत त्यावर रागावत नाहीत, ते प्रश्न विचारतात. योन आणि कंबोज या सीमेवरील देशांत चार वर्ण नाहीत, केवळ स्वामी आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि त्यांतही अदलाबदल होते, हे अस्सलायनाने ऐकले आहे काय? वेगवेगळ्या कुळांतील माणसांनी वेगवेगळ्या लाकडांनी अग्नी पेटवला, तर एकाच्या अग्नीला ज्योत, तेज आणि उष्णता असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, असे होते काय? दोन्ही प्रश्नांची पद्धत एकच आहे. जे सर्वत्र आणि सदैव खरे म्हणून सांगितले जाते त्याला प्रतिउदाहरणासमोर उभे करायचे.

वासेट्ठ सुत्तात ते याहून खोल जातात. गवत व झाडे, किडे, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्या जाती शरीरावरील खुणांनीच वेगळ्या ओळखू येतात. माणसामाणसांत मात्र केस, कान, डोळे, हात यांत जातीची अशी कोणतीही खूण नाही. तेथील भेद नावाने आणि व्यवहाराने पडलेला आहे. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी. येथे तथागत व्याख्येचा उपयोग करतात, पण ती व्याख्या जन्मावर नव्हे, कर्मावर उभी करतात. ‘तो श्रेष्ठ, कारण तो श्रेष्ठ कुळातला’ हे वर्तुळ तुटते ते या ठिकाणी.

पुढे दिङ्नाग आणि साधारण सातव्या शतकातील धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी अनुमानाचे शास्त्र उभारले. धर्मकीर्तींनी योग्य हेतूचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील ‘स्वभावहेतू’चे परंपरेत रूढ झालेले उदाहरण असे, की हे झाड आहे, कारण हा शिंशपा वृक्ष आहे. आपल्याकडील वाचक ‘हे झाड आहे, कारण हा कडुलिंब आहे’ असे समजू शकतात. हे ऐकून कोणीही म्हणेल, की यात सांगितले ते काय? कडुलिंब म्हटले तेव्हा झाड आलेच. ही शंका रास्त आहे आणि तिचे फार सुंदर उत्तर टीकाकार धर्मोत्तर यांनी दिले आहे.

ते म्हणतात, समजा एक मंदबुद्धी मनुष्य आहे. त्याला कोणीतरी एक उंच शिंशपा दाखवून सांगितले, की हे झाड. त्या माणसाने समजूत करून घेतली, की उंच असते म्हणून ते झाड. पुढे त्याला बुटका शिंशपा दिसला तर तो त्याला झाड म्हणायला तयार होत नाही. त्याला समजवायचे असते ते हे, की झाडपण उंचीवर अवलंबून नाही. शिंशपा असणे एवढेच त्याला पुरे आहे. म्हणजे ‘हे झाड आहे, कारण हा शिंशपा आहे’ हे वाक्य जाणत्याला नवे काही सांगत नाही. ज्याने चुकीची अट मनात धरली आहे त्याची ती अट मात्र ते काढून टाकते.

उघड विधान उच्चारण्याचे याहून चांगले समर्थन आम्हांस ठाऊक नाही.

महाडचे विधान

आता धर्मोत्तरांच्या मंदबुद्धी माणसाच्या जागी एक संपूर्ण समाज ठेवून पाहा. त्या समाजाने ‘माणूस’ हा शब्द उंच जातींकडे बोट दाखवून शिकलेला आहे. त्यामुळे उंची हीच माणूसपणाची अट आहे, असे तो समजून बसला आहे. गुराढोरांना तळ्यावर मज्जाव नाही, पण काही माणसांना आहे. अशा वेळी ‘आम्हीही माणसे आहोत’ हे वाक्य तर्कदृष्ट्या पोकळ ठरवता येईल काय?

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्यासंबंधी तसा ठरावही केला होता. कागदावर सारे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की हा लढा केवळ पाण्यासाठी नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी आहे. शब्दांकडे पाहिले तर माणसांनी माणूस असल्याचे सांगणे ही शुद्ध पुनरुक्ती आहे. परंतु ज्या अटीमुळे ते सांगावे लागत होते ती अट त्या वाक्याने चव्हाट्यावर आणली.

त्यानंतरच्या खटल्यातही तर्काचा हाच धागा दिसतो. विरोधकांचे म्हणणे होते, की अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही ही परंपरागत रूढी आहे. रूढी आहे म्हणून रूढी आहे, हे बाजारात चालते, न्यायालयात चालत नाही. ही रूढी अनादिकाळापासून चालत आलेली आहे असे पुराव्याने दाखवा, असा प्रश्न आला तेव्हा ते दाखवता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. वर्तुळाला पुरावा मागितला, की ते उघडते.

तथापि समतेचे तत्त्व स्वयंसिद्ध म्हणून घोषित केले की काम भागते, असेही नाही. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसांची समानता स्वयंसिद्ध सत्य म्हणून नोंदवली गेली, पण त्या देशातील गुलामगिरी कायद्याने नष्ट व्हायला १८६५ साल उजाडावे लागले. जे स्वयंसिद्ध मानले त्याच्याकडे पाठ फिरवून जवळजवळ नव्वद वर्षे जगता आले. त्याच देशात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात म्हणूनच अधिक सावध वाट धरली. सर्व माणसे समान नसतात, असा आक्षेप घेणाऱ्याला त्यांनी झिडकारले नाही. शरीर, वारसा, प्रयत्न यांत माणसे भिन्न असतात, हे त्यांनी मान्य केले. तरीही समाजाचा कारभार चालवण्यासाठी समता हेच नियामक तत्त्व स्वीकारावे लागते, हे त्यांनी कारणे देऊन मांडले. समता हे निरीक्षण नव्हे, तो निर्णय आहे. निर्णय टिकवायचा तर त्याला संस्था लागतात. राज्यघटनेतील अनुच्छेद १४, १५ आणि १७ ही त्या निर्णयाची कायदेशीर रूपे आहेत.

आपल्या मुलांच्या हाती द्यावयाचे तीन प्रश्न

वरील विवेचनातून तीन प्रश्न निघतात. ते कोणत्याही इयत्तेतील मुलाला वापरता येण्याजोगे आहेत.

पहिला प्रश्न असा, की हे विधान खोटे ठरण्यासाठी जगात काय घडावे लागेल? काहीच घडून ते खोटे ठरणार नसेल, तर ते शब्दांविषयी आहे, जगाविषयी नाही. त्याच्या जोरावर कोणाचे भवितव्य ठरवू नये.

दुसरा प्रश्न असा, की दिलेले कारण हे त्या विधानाचीच वेगळ्या शब्दांतील आवृत्ती तर नाही ना? तसे असेल तर शोध अजून सुरूच झालेला नाही.

तिसरा प्रश्न असा, की हे उघड वाक्य आता, या माणसाला, कशासाठी सांगितले जात आहे? धर्मोत्तरांच्या उदाहरणातल्याप्रमाणे एखादी चुकीची अट काढण्यासाठी, की एखादा योग्य प्रश्न दाबण्यासाठी? केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्यात परंपरेबरोबरच निव्वळ तर्कावरही विसंबू नये, असे सांगितलेले आहे. कोणती गोष्ट अहिताला नेते आणि कोणती हिताला नेते हे स्वतः जाणून घेऊन ती सोडावी किंवा स्वीकारावी, ही तेथील कसोटी आहे. आमचा तिसरा प्रश्न त्याच कसोटीच्या वाटेवरचा आहे.

पालकांना आमची विनंती आहे, की घरी आलेल्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर ‘असेच असते’ हे उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते उत्तर कधी खरे असेल, पण बहुधा ते रिकामे असेल. माजी विद्यार्थी आज शेतात, कारखान्यात, कचेरीत, शाळेत काम करीत आहेत. ‘पूर्वीपासून असेच चालते’ हे वाक्य त्यांच्या कानावर दररोज पडत असेल. त्यांनी ते वाक्य नम्रपणे उलटे करून पाहावे, त्याचे कारण मागावे आणि कारण मिळाले तर ते स्वीकारावेही. कारण मिळाले नाही, तर निदान ते वाक्य पुढच्या पिढीला स्वयंसिद्ध म्हणून देऊ नये.

माणूस हा माणूसच आहे, यात सिद्ध करण्यासारखे काही नाही. परंतु हे वाक्य जोवर कोणाला तरी मोठ्याने म्हणावे लागते, तोवर कोठेतरी कोणीतरी माणूसपणाला एक जादा अट लावून बसले आहे, असे समजावे. ती अट शोधून काढणे आणि वर्गाच्या फळ्यावर सर्वांसमक्ष खोडून दाखवणे, हे आमच्या शाळेचे काम होते, आहे आणि पुढेही राहील.